मुलाखत आणि जिभेची गाठ

लेखी परीक्षेच्या निकालाचे पेढे वाटून होतात, नातेवाइकांचे फोन येऊन जातात आणि काही दिवसांनी मुलाखतीचं पत्र येतं. तिथपासून घरातली हवा बदलते. मुलगी जेवत नाही, मुलगा उगाच चिडतो, अम्मी तस्बीह घेऊन बसते. आमच्या नांदगावात उर्दू माध्यमातून शिकून पुढे बी.कॉम., बी.एड. झालेली मुलं-मुली अशा वेळी आमच्याकडे येतात. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, "मॅडम, सगळं येतं, पण समोर माणसं बसली की तोंडच उघडत नाही."

केंद्र सरकारच्या गट-क आणि अराजपत्रित गट-ब जागांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद झाल्या आहेत. बँकेच्या क्लार्कलाही मुलाखत नसते. पण बँकेत अधिकारी व्हायचं तर 100 गुणांची मुलाखत असते आणि अंतिम यादीत लेखी व मुलाखतीचं वजन 80 ला 20 असं धरतात. शिक्षकांसाठी 200 गुणांची अभियोग्यता चाचणी होते. पुढे पवित्र पोर्टलवर खासगी संस्थांची 'मुलाखतीसह' जागा घेतली, तर संस्थेसमोर बसावंच लागतं आणि पाठही घेऊन दाखवावा लागतो.

घाबरणाऱ्या मुलांना घरात हमखास एक वाक्य ऐकायला मिळतं, "अल्लाहवर भरोसा नाही का तुझा?" हे वाक्य आम्हाला मान्य नाही. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांना फिरऔनच्या दरबारात जायचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी काय मागितलं ते सूरह ताहामध्ये आहे. सीना मोकळा व्हावा, काम सोपं व्हावं, जिभेची गाठ सुटावी आणि लोकांना आपलं बोलणं समजावं. पंचविसाव्या आयतीपासूनची ही दुआ आपल्या घराघरांत मुलांना पाठ असते. पण आपण तिथेच थांबतो. मूसा अलैहिस्सलाम यांनी त्याच दमात भावाला, हजरत हारून यांना, सोबत मागितलं. मागणं मंजूर झालं. तरीही थोड्याच आयतींनंतर दोघे भाऊ आपल्याला भीती वाटते असं सांगतात आणि तेव्हा त्यांना दिलासा मिळतो. नबींना वाटलेली भीती आपल्या वीस-बावीस वर्षांच्या लेकराला वाटली, तर त्यात ईमान कुठे कमी झालं?

दुआ मूल स्वतः करेल. हारून मात्र घरच्यांनी व्हायचं असतं.

ते कसं? एक तर बोलायला बसवा. आपण घरात उर्दू-दखनी बोलतो, मुलाखत मराठीत नाहीतर इंग्रजीत. उत्तर मनात तयार असतं, पण त्या भाषेत ते जिभेवरून एकदाही गेलेलं नसतं. मग मूल ऐन वेळी 'ती पुस्तक' म्हणतं (उर्दूत किताब स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंग तर नाहीच), मध्येच अडकतं, चूक सुधारायला जातं आणि पुढचं सगळं विसरतं. लिंगाच्या अशा चुकीपेक्षा मध्येच गप्प होणं जास्त नडतं. म्हणून पंधरा दिवस आधीपासून रोज इशाच्या नमाजनंतर अर्धा तास अब्बांनी खुर्चीवर बसायचं आणि मुलाने दारातून आत येऊन सलाम-नमस्कारापासून सुरुवात करायची. 'स्वतःबद्दल सांगा' हे उत्तर दीड-दोन मिनिटांचं, मोठ्याने, निदान वीस वेळा बोललेलं असावं. मोहल्ल्यातला एखादा मराठी भाषिक शेजारी बोलावला तर फारच छान. अनोळखी कानांची सवय होते.

दुसरी गोष्ट मुलींच्या घरांसाठी, आणि ती जरा कडू आहे. मुलीला हमखास विचारतात, "लग्नानंतर नोकरी करणार का? नेमणूक सुरगाण्याला, पेठला झाली तर जाल का?" तिला उत्तर देता येत नाही, कारण तिच्या घराने ते ठरवलेलंच नसतं. अब्बा म्हणतात बघू, भाईजान म्हणतात आधी लागू तर दे. ती पॅनेलसमोर अडखळते आणि आपण म्हणतो पोरगी घाबरट आहे. तिची निम्मी धडधड आपण 'बघू'मध्ये अडकवून ठेवलेली असते. पत्र आलं त्याच आठवड्यात बसा, हो की नाही ते ठरवा आणि तिच्या तोंडावर सांगा.

नावाचा आणि हिजाबचा प्रश्नही काहींच्या मनात असतो, तो लपवण्यात अर्थ नाही. जालना जिल्ह्यातल्या शेलगावच्या रिक्षाचालकाचे चिरंजीव अन्सार शेख 2016 मध्ये एकविसाव्या वर्षी यूपीएससी उत्तीर्ण झाले. पुण्यात खोली मिळावी म्हणून आपल्याला 'शुभम' हे नाव सांगावं लागलं होतं, असं त्यांनीच वर्तमानपत्रांना सांगितलं होतं. मुलाखतीत शिया की सुन्नी असं विचारल्यावर 'भारतीय मुसलमान' असं उत्तर दिल्याचंही त्यांनी सांगितलं. उत्तर छोटं होतं आणि त्यात चिडही नव्हती, लाचारीही नव्हती. तुमच्या मुलांकडूनही असे टोचणारे प्रश्न आधी घरातच विचारून घ्या. फिरऔनशीसुद्धा नरमीने बोलायचा हुकूम होता, ही आठवण त्यासाठी पुरेशी आहे.

छाती धडधडणं, तोंड कोरडं पडणं हे शरीर तयारीला लागल्याचं चिन्ह आहे. बाहेर बाकावर बसल्यावर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा, पाच-सहा वेळा. पाण्याचा घोट घ्यावा. चहा एकच पुरे.

आणि गाडी! नांदगावहून सकाळच्या गाडीने नाशिकला जाणारे गाडी वेळेवर धरून चालतात. ती मनमाडच्या आधीच उभी राहिली की सगळी तयारी पाण्यात. शिवाय नाशिक रोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नव्हे, मध्ये आठ-नऊ किलोमीटर रिक्षा किंवा बसने जायचं असतं. खाला-फुफूचं घर नाशिकला असेल तर आदल्या संध्याकाळीच जावं, कागदपत्रांची फाईल रात्रीच लावावी, फजर पढून शांतपणे निघावं.

मूल परत आल्यावर दारातच "कसं झालं, होईल का?" असं विचारू नका. हातपाय धुऊ द्या, ताट वाढा. सांगायचं असेल ते जेवताना सांगेल.