पोर्ट्रेट मोडमधला चेहरा खरा किती? नवे एआय नियम आणि कॅमेरा क्लबची जुनी शिस्त

फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने आयटी नियमांत दुरुस्ती केली आणि २० फेब्रुवारीपासून ती लागू झाली. बातम्यांत दोन गोष्टी गाजल्या. एआयने बनवलेल्या फोटो-व्हिडिओवर ठळक लेबल हवं, आणि बेकायदा मजकूर हटवायचा आदेश आला की प्लॅटफॉर्मने तो ३ तासांत काढायचा. आधी ही मुदत ३६ तासांची होती. पण याच नियमात एक सवलतही आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. रंग सुधारणं, नॉइज कमी करणं, फाइल लहान करणं अशा नेहमीच्या एडिटिंगला लेबल लागत नाही. अट इतकीच की मूळ आशय बदलता कामा नये.

मग तुमच्या फोनचा पोर्ट्रेट मोड यात कुठे बसतो?

नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच) फोटोग्राफीचा नाद लागलेली बहुतेक मुलं फोनवरच शिकतात. मोठा कॅमेरा नंतर येतो, कित्येकदा येतच नाही. अशा मुलाने एखाद्या कॅमेरा क्लबमध्ये पहिला पोर्ट्रेट दाखवला की जुनी मंडळी विचारतात, ‘यात तू काय केलंस आणि फोनने काय केलं?’ प्रश्न खोचक वाटतो, पण नव्या नियमाचा सगळा पेच त्यातच आहे.

फोन नक्की करतो काय

२०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला तेव्हा त्यात दोन लेन्स होत्या. आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते, तसं दोन लेन्समधल्या फरकावरून फोन अंतर मोजायचा. काय जवळ, काय लांब याचा नकाशा बनवायचा आणि लांबचं सगळं धूसर करायचा. २०१७ च्या पिक्सेल २ ने हेच एका लेन्सवर करून दाखवलं. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग आणि जोडीला माणसाची कड ओळखायला शिकवलेलं मॉडेल. म्हणूनच आजही भुरभुरणारे केस, चष्म्याची काडी, नथीचा आकडा अशा ठिकाणी ब्लर फसतो. तिथे अंतर मोजलेलं नसतं, अंदाज बांधलेला असतो.

पण ब्लर ही तशी किरकोळ गोष्ट आहे. खरा घोळ चेहऱ्यावर होतो.

आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी नगरमधून पंढरपूरला जाते. नवख्या फोटोग्राफरसाठी यापेक्षा चांगली शाळा नाही, आणि यापेक्षा अवघडही नाही. डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी, खाली उन्हाने रापलेला चेहरा, वर लख्ख आभाळ. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून उजेड ठरवतो. टोपी आणि आभाळ सांभाळायला गेलं की चेहरा काळवंडतो. फोन मग काय करतो? एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या एकत्र करतो आणि चेहऱ्यावरची सावली उचलतो. वर बऱ्याच फोनमध्ये ब्युटी सेटिंग आधीपासूनच चालू असतं. आजोबांच्या कपाळावरच्या सुरकुत्या त्या सॉफ्टवेअरला डाग वाटतात. निकाल म्हणजे गुळगुळीत, उजळ, सपाट चेहरा. आजोबांच्या घरच्यांना दाखवा, ते म्हणतील, ‘छान आलाय, पण आबांसारखा वाटत नाही.’

हे फक्त फोनचं पाप नाही. फिल्मच्या काळात कोडॅक लॅबना रंग जुळवायला जी नमुना छायाचित्रं द्यायची, त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत आणि त्यावर बराच काळ गोऱ्या बाईचाच फोटो असायचा. सावळ्या कातडीचा रंग नीट यावा म्हणून गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर ‘रिअल टोन’ आणलं, म्हणजे तोवर तो नीट येत नव्हता हे एका मोठ्या कंपनीने मान्यच केलं.

सरकारी नियमाने बघितलं तर हे सगळं बहुधा ‘नेहमीचं एडिटिंग’ म्हणून सुटेल. माझ्या मते सुटू नये. रंग दोन छटा उजळला आणि वय दहा वर्षांनी कमी दिसायला लागलं, तर पोर्ट्रेटमध्ये आशय म्हणून अजून उरतं काय? पण कायद्याला कोट्यवधी फोटोंसाठी एकच रेघ मारायची असते, त्यामुळे ती जाड असणारच.

क्लबची रेघ बारीक आहे

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे. देशभरातल्या क्लबना जोडणारी फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ ची, तर ‘फियाप’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५० ची. फियापची मान्यता असलेल्या स्पर्धांमध्ये, ज्यांना ही मंडळी सलॉन म्हणतात, एक तत्त्व पक्कं आहे: फोटोतला प्रत्येक भाग स्पर्धकाने स्वतः टिपलेला हवा. म्हणजे नेटवरून आणलेलं आभाळ चालत नाही, एआयने भरलेली पार्श्वभूमी तर नाहीच. पोर्ट्रेट मोडचा ब्लर? पिक्सेल तुमचेच असतात, त्यामुळे खुल्या विभागात तो एडिटिंग म्हणून खपू शकतो. निसर्ग किंवा वृत्तछायाचित्र विभागात असली कारागिरी चालत नाही. शंका आली तर आयोजक मूळ फाइल मागतात, आणि ती नसेल तर विषय संपला.

मूळ फाइल का मागावी लागते? नुसत्या नजरेवर आता भरवसा ठेवता येत नाही म्हणून. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं बक्षीस नाकारलं, कारण दोन स्त्रियांचा तो जुनाट वाटणारा पोर्ट्रेट त्याने एआयने बनवला होता. पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रे याने उलटी गंमत केली. फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवला आणि तिथे बक्षीसही मिळवलं.

यावर तंत्रज्ञानाचा उपाय म्हणजे सीटूपीए. कॅमेरा फोटो काढतानाच फाइलवर डिजिटल सही करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला पिक्सेल १० हे प्रत्येक फोटोला करतो. पुढच्याच महिन्यात निकॉनच्या झेड ६ थ्री मध्ये पळवाट सापडली. मल्टिपल एक्सपोजर वापरून सही नसलेल्या चित्रालाही कॅमेऱ्याची सही मिळवता येत होती. निकॉनला सेवा थांबवून दिलेली प्रमाणपत्रं रद्द करावी लागली. आणि सही अगदी पक्की असली तरी ती फाइल कुठून आली एवढंच सांगते. चेहरा माणसासारखा आलाय का, हे तिला कळत नाही.

फोनवरच शिकायचं तर

आधी मागे सरका. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. पाच-सहा फूट लांब उभे राहा आणि फोनमधली २ एक्स किंवा ३ एक्स लेन्स वापरा.

पोर्ट्रेट मोड आणि ब्युटी दोन्ही बंद करा. ब्लर नसला की डोक्यातून उगवलेला विजेचा खांब तुम्हाला आपोआप दिसायला लागतो, आणि पार्श्वभूमी निवडणं हीच अर्धी पोर्ट्रेट फोटोग्राफी आहे. प्रो मोडमध्ये रॉ चालू करा. फाइल मोठी होते, पण फोनची बरीचशी ढवळाढवळ टळते आणि उद्या आयोजकांनी मागितली तर दाखवायलाही काही असतं. ती स्नॅपसीडमध्ये उघडते, फुकट.

उजेडासाठी वाड्याची ओसरी किंवा घराचं दार पुरतं. माणूस सावलीत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. फराहबाग किंवा चांदबीबी महालाच्या कमानीत हाच उजेड मोठ्या प्रमाणात मिळतो. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे आधी विचारा. मग फोटो झूम करून डोळ्यांतला उजेडाचा ठिपका बघा. तो कुठे आहे यावरून प्रकाश कुठून आला ते कळतं. क्लबमध्ये पहिला प्रश्न बहुधा यावरच येतो.

राहिली परवानगी. सप्टेंबर २०२५ मध्ये जेमिनीवर साडीतले फोटो बनवायची लाट आली तेव्हा लोकांनी स्वतःचे फोटो टाकले, मैत्रिणींचे टाकले, बहिणींचेही. ‘काढ की फोटो’ असं कुणी म्हटलं, म्हणजे तो एआय ॲपमध्ये टाकायला हो म्हटलं असं होत नाही. क्लबमध्ये मॉडेल रिलीज नावाचा कागद असतो. तुम्ही तो साध्या मराठीत बनवा: फोटो कुठे वापरणार, एआय ॲपमध्ये टाकणार की नाही, आणि खाली सही. दोन ओळींत भागतं.