गाडी उचलण्याआधी टायर पाहा

जीप आणि आपला कारागीर यांचे नाते जुने आहे. पोलादाच्या व्यापारासाठी १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाची पेढी निघाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, १९४८ साली पेढीचे नाव बदलले आणि याच कंपनीने विलीज जीप आपल्याकडे जोडून विकायला सुरुवात केली. पाटीवरचे नाव बदलले, परंतु जीपखाली आडवे पडून पाटे उतरविणारे आणि शॉकप बदलणारे हात कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत पुष्कळ ठिकाणी आपल्याच बांधवांचे राहिले.

२०२० साली नवी थार आणि २०२३ साली जिम्नी बाजारात आल्यापासून या गॅरेजांत एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. हातातल्या मोबाईलवरचा फोटो दाखवून ते म्हणते, "उस्ताद, अशी करून द्या." फोटोत गाडी चार इंच उचललेली, रुंद रिम मडगार्डच्या बाहेर आलेली आणि टायर ट्रॅक्टरसारखे असतात. कामात पैसा आहे, हे खरे. परंतु हे काम उलट्या क्रमाने होत आहे आणि त्याची जोखीम गिऱ्हाइकाबरोबर कारागिराच्याही डोक्यावर येत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी टायर, मग लागलाच तर रिम आणि सर्वांत शेवटी गरजेपुरती लिफ्ट, हाच या कामाचा योग्य क्रम होय.

उंची नेमकी कशाची वाढते?

गिऱ्हाइकाला वाटते, लिफ्ट केली की गाडी दगडावरून सहज जाईल. जुनी एमएम ५४० किंवा जिम्नी या गाड्यांना पुढे-मागे अखंड ॲक्सल असतो. थारला तो मागे असतो. अशा ॲक्सलचे हौजिंग स्प्रिंगच्या खाली राहते. स्प्रिंग कितीही उंच केली तरी हौजिंग जमिनीपासून होते तेवढ्याच अंतरावर राहते, वर जाते ती फक्त बॉडी. हौजिंग वर उचलण्याचे काम टायरच करतो, आणि तेही त्याचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मे.

हिशेब सोपा आहे. २०२० सालच्या थारच्या एका प्रकारावर कंपनीने २४५/७५ आर १६ हे टायर दिले होते. २४५ ही मिलिमीटरमधील रुंदी. तिचे ७५ टक्के, म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर, ही एका बाजूची भिंत. अशा दोन भिंती आणि १६ इंची रिम मिळून व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर भरतो. त्या जागी २६५/७५ आर १६ बसविला तर व्यास ८०४ होतो, म्हणजे हौजिंग १५ मिलिमीटर वर आले. २८५/७५ आर १६ चा व्यास ८३४ भरतो, म्हणजे वाढ ३० मिलिमीटर. ही वाढ फुकट मिळत नाही. शेवटच्या टायरवर स्पीडोमीटर ८० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८६ च्या वेगाने धावत असेल. घाट चढताना गिअर जड पडेल, ब्रेकला अधिक जोर लागेल आणि क्लच लवकर संपेल. हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. निम्मी गिऱ्हाइके तेथेच शहाणी होतील.

टायर : आधी वापर विचारा

गाडी चालते कोठे, हा पहिला प्रश्न असावा. काळ्या चिकण मातीच्या शिवारात रोज जाणाऱ्या बागाईतदाराला मोठ्या खाचांचा मड टेरेन टायर उपयोगी पडतो, कारण फिरता फिरता तो चिखल बाहेर फेकतो. मात्र तोच टायर डांबरी रस्त्यावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि पावसात ब्रेक मारल्यावर अधिक लांब घसरतो. ज्याची गाडी महिनाभर महामार्गावर आणि एखाद्या रविवारी कच्च्या वाटेवर जाते, त्याला ऑल टेरेन टायर पुरे. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे हवेत. वेगळ्या मापाचे टायर लावून कोरड्या सडकेवर फोर व्हील चालविली तर ट्रान्स्फर केसवर ताण येतो. म्हणून स्टेपनी धरून पाच टायरांचा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा.

टायरच्या भिंतीवरचे अंकही वाचावेत. मापानंतर येणारा १०० हा अंक म्हणजे एका टायरची ८०० किलो वजन पेलण्याची ताकद, आणि क्यू हे अक्षर म्हणजे ताशी १६० किलोमीटरची वेगमर्यादा. कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी ताकदीचा टायर, तो दिसायला कितीही दांडगा असो, बसवू नये. शेवटचे चार अंक जन्मतारीख सांगतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. वर्षानुवर्षे गोदामात पडलेला टायर काळे पॉलिश मारून नवा म्हणून विकणे, किंवा झिजलेल्या टायरला नवे काप पाडून खपविणे, हे प्रकार आपल्या बाजारात चालतात हे नाकारून उपयोग नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले. टायरच्या ढिगालाही तोच नियम लागू आहे.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला शिकवावी, ती म्हणजे हवा. भुसभुशीत मातीत किंवा वाळूत टायरची हवा १८-२० पौंडांवर आणली की टायर पसरतो आणि अडकलेली गाडी पुष्कळदा आपसूक निघते. अशा हवेवर वेग कमी ठेवावा आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. छोटा हवेचा पंप आणि गेज दुकानात विकायला ठेवा. हजारोंच्या लिफ्टपेक्षा हा जोड गिऱ्हाइकाच्या अधिक कामी येतो.

रिम : बाहेर किती, आत किती?

बोल्टांचे वर्तुळ जुळले म्हणजे रिम बसली असे नव्हे. जिम्नीला १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच नट, तर नव्या थारला त्याच वर्तुळावर सहा. त्याखेरीज मधले छिद्र हबवर नीट बसले पाहिजे आणि ऑफसेट जवळपास मूळचाच राहिला पाहिजे. रिम जितकी बाहेर काढाल तितका बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंगला झटके बसतात आणि मडगार्डबाहेरचा चिखल मागच्यांवर उडतो. स्पेसर लावून बाहेर काढलेल्या चाकाचेही हेच होते.

खडकाळ वाटेवर जाणाऱ्याने लोखंडी रिमला कमी लेखू नये. ती वजनाला जड असते, पण मार बसला तर वाकते आणि खेडेगावातही ठोकून सरळ करता येते. ॲलॉयला चीर जाते. चीर गेलेली ॲलॉय वेल्डिंग करून परत रस्त्यावर देणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळणे होय.

लिफ्ट : गरजेपुरती

निवडलेला टायर पूर्ण वळणावर आणि स्प्रिंग पूर्ण दबल्यावरही कोठे घासत नसेल, तर लिफ्टची गरज नाही. घासत असेल तर घासण्यापुरतीच उंची वाढवावी. रस्त्यावरच्या गाडीसाठी दोन इंचांच्या पुढे जाऊ नये, असे आम्हास वाटते.

पाट्याच्या गाडीत लांब शॅकल लावणे हा स्वस्त मार्ग आहे. पण एक इंच उंचीसाठी शॅकल दोन इंच लांब करावी लागते, आणि पुढच्या ॲक्सलचा कोन बदलून गाडी रस्ता सोडू लागते. पुढच्या ॲक्सलवर पाट्याखाली ठोकळा ठेवून उंची काढण्याचा प्रकार तर कोणीही करू नये, कारण ब्रेक मारताना तो निसटू शकतो. कॉइलच्या गाडीत ॲक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून पॅनहार्ड रॉड जुळवावा लागतो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर ॲक्सलचे जोड आणि बॉल जॉइंट तिरके होऊन लवकर जातात. प्रत्येक लिफ्टनंतर ब्रेकचे रबरी पाइप पुरेसे लांब आहेत का, प्रोपेलर शाफ्ट थरथरतो का, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो का, हे पाहिलेच पाहिजे. गाडी उंच झाली की वळणावर उलटण्याचा धोका वाढतो, हे गिऱ्हाइकाच्या घरच्यांसमोर सांगावे.

कायद्याचा हात गॅरेजपर्यंत

कंपनीने नमूद केलेल्या आणि नोंदणीत असलेल्या रचनेच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यातील कलम १८२ अ बदलून नव्याने घालण्यात आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि डीलरला दर गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात ठरविली गेली. आपल्या बांधवांनी नीट वाचण्यासारखी गोष्ट पुढे आहे. या कायद्याच्या कलम २ मधील 'डीलर' या व्याख्येत गाड्यांची दुरुस्ती करणाराही येतो. म्हणजे "मालकाने सांगितले म्हणून केले" एवढे म्हणून सुटका होईल, या भ्रमात राहू नये.

त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकारावर कंपनी स्वतः देते त्या मापाचा टायर सुचविणे सर्वांत सुरक्षित होय. त्याहून मोठा बदल असेल तर आधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळविण्यास मालकाला सांगावे. गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेतील गाड्या चिखलाच्या शर्यतीसाठी तयार केलेल्या असतात. त्यांचा नमुना घेऊन मुलांना शाळेत सोडणारी गाडी बनवू नये.

"आम्ही नाही केले तर शेजारचा करील"

ही तक्रार आम्हास ठाऊक आहे. हरियाणातील मंडी डबवालीहून तयार जीप येतात, शेजारचा गॅरेजवाला कमी पैशांत लिफ्ट करून देतो, मग आपणच का थांबावे? एवढेच सांगतो की उचललेल्या गाडीचे काम एकदाच मिळते, तर अलाइनमेंट, बुश, शॉकप आणि टायर अदलाबदलीचे काम वर्षानुवर्षे मिळते. टॉर्क रेंच घ्या. प्रत्येक कामाच्या बिलावर टायरचे माप, त्याचा आठवडा आणि केलेला बदल लिहा. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून देण्यासाठी गिऱ्हाइकाला बोलवा आणि त्याचे पैसे घेऊ नका. नको ते काम नाकारणारा उस्ताद तालुक्यात ओळखला जातो, आणि ज्याला गाडीची खरी गरज आहे तो शेतकरी, तो डॉक्टर, तो कंत्राटदार त्याच्याच दारी येतो.

आपल्या हातून सुटलेला एक नट कोणाचे घर उजाड करू शकतो. गाडी ही गिऱ्हाइकाची अमानत आहे, तीत बसणारे जीवही अमानतच आहेत. ही जाणीव ठेवून कमावलेली रोजी थोडी असली तरी हलाल आहे. अल्लाह तीत बरकत देवो.