कपाट बदलायचंय? आधी लेबल वाचा

सोलापूर परराज्यांतल्या शाळांचेही गणवेश शिवतं. आपण मात्र रील्स बघून सगळे एकसारखेच ओव्हरसाइज टी-शर्ट घालून फिरतो. तोही गणवेशच की! स्वतःची स्टाइल हवी म्हणून अख्खं कपाट रिकामं करणाऱ्यांना माझं म्हणणं एकच: सुरुवात रंगापासून नको, कापडापासून करा.

सुती कापड हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्क्यांपर्यंत धरतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. घाम शोषलाच जात नाही, म्हणून पॉलिस्टरचा शर्ट अंगाला चिकटतो. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो. असा शर्ट कितीही शोभला तरी हँगरवरच राहतो.

तेव्हा गेल्या उन्हाळ्यात दोनदाही न घातलेले कपडे बाजूला काढा. त्यातले बरेच फक्त मापाला चुकलेले असतात. बाही, कंबर टेलरकडून आल्टर करून घेतली की अंगावर बसतात. आईच्या जुन्या सुती साड्या बोहारणीला देऊन पातेलं घेऊ नका, त्यांचा छान कुर्ता होतो. नवं हवंच असेल तर सुती कापड घेऊन शिवा. ते पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून टेलरकडे देण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा.