उसनी यादी

निवडणूक लागली की आपल्याकडे ओळखपत्रांची जंत्री सुरू होते. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार चालेल, पॅन चालेल, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्डसुद्धा चालेल. ऐकणाऱ्याला वाटावं, खिशात यातलं काहीतरी असलं की मत पक्कं. साफ खोटं. सगळी जंत्री टेबलावर मांडा; यादीत नाव नसेल तर केंद्राध्यक्ष तुम्हाला वाटेला लावणार, आणि नियमाने त्याचंच बरोबर असणार. कार्डावरून तुम्ही कोण ते कळतं, मत आहे की नाही ते यादी ठरवते. आणि महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेला जी यादी वापरतात, ती निवडणूक घेणाऱ्याची नसतेच.

राज्यघटनेचा अनुच्छेद 243-के काढून वाचा. पंचायतींच्या मतदार याद्या तयार करण्याच्या कामावर देखरेख आणि नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाचं. नगरपालिकांसाठी 243-झेडए तेच सांगतो. 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून हा अधिकार असा ताटात वाढून ठेवलाय. आपण काय केलं? राज्याच्या कायद्यांत सोय करून घेतली की विधानसभेची तयार यादी भारत निवडणूक आयोगाकडून उचलायची आणि प्रभागाप्रभागांत कापायची. कापताना एखादी सोसायटी भलत्याच प्रभागात जाऊन पडते, मग हरकतींचा पाऊस.

गंमत पुढे आहे. यादीतल्या घोळाबद्दल राज्य आयोगाला विचारा; नाव घालायचा किंवा काढायचा अधिकार आमचा नाही, दिल्लीचा. दिल्लीवाल्यांना विचारा, ही निवडणूक आमची नाही. मयत मतदार तेवढे दोन्हीकडे गप्प बसतात, त्यांची तक्रार नसते.

2025 मध्ये मुंबईच्या प्रारूप यादीत सुमारे 11 लाख नोंदी संभाव्य दुबार निघाल्या. यादीच्या घोळावरून विरोधकांनी त्याआधीच, 1 नोव्हेंबरला, मोर्चा काढला होता, सत्ताधाऱ्यांनी खिल्ली उडवली, आणि राज्य आयोगाने तोडगा काढला: अशा नावांपुढे दोन तारका छापायच्या. तारकावाला माणूस बूथवर आला की त्याच्याकडून हमीपत्र घ्यायचं, मी दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणारही नाही. दोनदा मत द्यायला निघालेला माणूस एका सहीला बिचकेल, या विश्वासाला माझा साष्टांग नमस्कार! त्यात नगरपरिषदांचं मतदान 2 डिसेंबरला आणि महापालिकांचं 15 जानेवारीला. एकाचं नाव तालुक्याच्या गावीही आणि शहरातही असेल, तर मध्ये 44 दिवस मिळाले. तेवढ्यात नख वाढतं आणि शाई उतरते.

दोष सगळा आयोगाचा, असंही मी म्हणणार नाही. दुबार नाव ही आपली लाडकी सवय आहे. गावी नाव ठेवायचं, कारण घर आहे, भाऊबंदकी आहे, ग्रामपंचायतीला चुलत्याचं पॅनेल उभं आहे. आणि मुंबईतही ठेवायचं, कारण राहतो इथे. मतदानाच्या आदल्या रात्री शहरातून गावाकडे सुटणाऱ्या गाड्यांचं भाडं कोण भरतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा सरळ सांगतो की दोन ठिकाणी नाव चालणार नाही, आणि नुसतं घर मालकीचं असल्याने कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. खोटं निवेदन केलं तर वर्षापर्यंत कैद. या कलमाखाली आत गेलेला कुणी तुमच्या ओळखीत आहे? माझ्या नाही.

आता ज्याचं काहीच चुकलेलं नाही, त्याचं बघा. या निवडणुकांसाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली. जी मुलगी त्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची झाली, ती 15 जानेवारी 2026 ला मतदान करू शकली नाही. मतदार होण्यासाठी वर्षात चार अर्हता दिनांक असतात, असं हीच व्यवस्था कौतुकाने सांगते. ऑक्टोबरचा दिनांकही मतदानाआधी येऊन गेला होता, पण यादी जुलैतच थांबलेली. मुंबईत तर याहून मौज. महापालिकेची आधीची निवडणूक फेब्रुवारी 2017 ची, मुदत संपली मार्च 2022 मध्ये, मग जवळजवळ चार वर्षं प्रशासक. 2017 च्या मार्चमध्ये अठरा पूर्ण केलेल्या मुंबईकराला नगरसेवकासाठी पहिलं मत द्यायला मिळालं ते सव्वीस पूर्ण झाल्यावर. बीडच्या ऊसतोड मजुराचं नाव यादीत असतं, कार्डही असतं; निवडणूक हिवाळ्यात लागली की तो कारखान्याच्या फडावर असतो. त्याच्यासाठी मात्र कुणी तोडगा शोधत बसत नाही.

केरळ, उत्तर प्रदेशात स्थानिक निवडणुकांची यादी वेगळी करतात. म्हणून तिथे स्वर्ग आहे असं नव्हे. दोन याद्या म्हटल्या की एकीत नाव आणि दुसरीत गायब, हा त्रास आलाच. खर्चही दुप्पट. तेव्हा वेगळी यादी हवीच, असा माझा हट्ट नाही. पण उसनी घेतलेली यादी दुरुस्त करायचा अधिकार तरी घ्या. प्रारूप यादीवर हरकत आली, घरी जाऊन खात्री झाली, की ते दुबार किंवा मयत नाव या निवडणुकीपुरतं राज्य आयोगानेच काढावं आणि कुणाच्या सहीने काढलं तेही छापावं. म्हणजे उद्या चुकीने जिवंत माणसाचं नाव उडालं, तर जाब कुणाला विचारायचा ते तरी कळेल.

यासाठी राज्याचे कायदे बदलावे लागतील, असं उत्तर येईल. लागतीलच. ते बदलायचे विधानसभेत, आणि तिथे बसलेला प्रत्येक आमदार याच यादीवर निवडून आलेला आहे. तेव्हा यादी साफ करायची त्यांना किती घाई असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.