सल्ले उदंड, पण बाप कुठं आहे?



कृषी खात्यातल्या माणसाने या पानावर लिहायचं म्हटलं, की बोंडअळी, हुमणी, नाही तर ठिबकच्या अनुदानाचा विषय असणार, असं तुम्ही धरूनच चालता. आज मात्र मी तान्ह्या बाळावर लिहिणार आहे. "हे काय साहेबांचं काम?" असं कुणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. एका गावात मारुतीच्या पारावर सोयाबीनची उगवणक्षमता तपासण्याचं प्रात्यक्षिक चाललं होतं. बियाणं घरचं आहे म्हणून डोळे झाकून पेरू नका. १०० दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, किती उगवले ते मोजा. ७० किंवा जास्त उगवले तरच नेहमीच्या प्रमाणात पेरा. असं मी तावातावाने सांगत होतो. तेवढ्यात सासुरवाडीहून फोन आला. आमचं दीड महिन्याचं बाळ सकाळपासून पातळ करत होतं, अंगावर पीत नव्हतं, मान टाकून पडलं होतं.

गाडी दामटत तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आईच्या दुधाशिवाय बाळाला काय काय दिलंय?" कुणी बोलेना. शेवटी बायको रडत म्हणाली, "ऊन फार आहे म्हणून चमच्याने पाणी देतोय. आणि रोज सकाळी गुटी."

यात सासूबाईंचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. त्यांनी नातवाच्या मायेपोटीच केलं. गुटी शेजारच्या आजीने सांगितली होती, पाणी चुलत मावशीने. दोष माझा होता. आशाताई भेटीला आल्या तेव्हा त्यांनी माझ्यादेखत बजावलं होतं, "सहा महिने आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको." आधीच्या रविवारी मी तिथंच ओसरीवर बसलो होतो. सहाणेवर गुटी उगाळताना पाहिलं, मनात खटकलं. पण बायकांच्या कारभारात जावयाने कशाला तोंड घालायचं, म्हणून चहा घेतला आणि उठलो.

चार दिवस सलाईन लागलं. बाळ वाचलं, आता अंगणभर पळतं. पण त्या चार रात्री दवाखान्याच्या बाकावर एकच विचार डोक्यात होता. १०० दाण्यांचा हिशोब गावोगाव सांगणारा मी, स्वतःच्या लेकराच्या बाबतीत बिनतपासणीचा सल्ला डोळ्यांदेखत चालू दिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाळ जन्मलं की सल्ल्यांना तोटा नसतो. बाळंतिणीच्या खोलीत येणारी प्रत्येक बाई काही ना काही सांगून जाते. आता तर नव्याने आई झालेल्या पोरी एकमेकींना मोबाईलवरूनही विचारतात. त्यात वाईट काही नाही. शेजारच्या रानातलं पीक बघूनच आपण शेती शिकलो. पण शेतीत आपण विचारतो, हे वाण कुठल्या जमिनीत आलं? पाणी किती दिलं? कुणी पाहिलं? बाळाच्या बाबतीत मात्र हे विचारणारं घरात कुणी नसतं. नवी आई अवघडलेली असते, आजी-सासू बोलतील ते खरं, आणि बाप ओसरीवर. म्हणून माझं म्हणणं बापांना आहे. आजोबांनाही आहे.

आपल्याला जे शेतीतून आधीच कळतं, तिथूनच सुरुवात करू.

गाय व्याली की पहिल्या तासाभरात वासराला चीक पाजायचा, हे गोठ्यात वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे, हे आम्ही शिबिरात सांगतो. वासराला आईच्या पोटात असताना रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. माणसाच्या बाळाला थोडी ताकद पोटात असतानाच मिळते. तरी आईचा पिवळसर घट्ट चीक त्याच्या आतड्याचं रक्षण करतो. ती त्याची पहिली लस समजा. आणि अजूनही काही घरांत हा चीक 'जड' म्हणून पिळून टाकतात, बाळाला मध चाटवतात! गोठ्यात जे कळतं ते घरात का कळू नये? बाळाला पहिल्या तासाभरात अंगावर घ्यावं. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको. मधात कधी कधी असे जंतू असतात, की मोठ्याला काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या पोटात ते विष तयार करतात.

पेरणीचं उदाहरण घ्या. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं आम्ही दर जूनमध्ये सांगतो. पहिल्या सरीला जो घाई करतो, त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ येते. बाळाच्या वरच्या अन्नाचंही तसंच आहे. सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको. दूध नाही, बिस्कीट नाही, गुटी नाही. मे महिन्याच्या उन्हातही पाणी नाही. आईच्या दुधात बाळाला लागेल तेवढं पाणी असतंच. पाणी प्यायचं आहे ते आईने. वरच्या पाण्याने बाळाचं इवलंसं पोट भरतं, मग ते दूध कमी ओढतं. त्या पाण्यात काही असेल तर जुलाब लागतात. माझ्या घरी हेच झालं.

"दूध पुरत नाही" ही आणखी एक तक्रार. बाळ रडलं की लगेच बाटली येते. आधी मोजा. बाळ दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी करतं का? वजन वाढतंय का? दोन्हीला उत्तर हो असेल, तर दूध पुरतंय. जन्माच्या वेळचं वजन साधारण पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट व्हावं, हा ढोबळ हिशोब बापाने पाठ करून ठेवावा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, कार्डावर रेघ काढली जाते. कपाशीची वाढ खुंटली की आपल्याला बांधावरून दिसतं. ती रेघ आडवी झालेली मात्र कितीजणांनी पाहिली आहे?

आईला कामावर जावंच लागत असेल, तर दूध स्वच्छ वाटीत काढून, झाकून, थंड सावलीच्या जागी ठेवावं. तीन-चार तास चालतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर संपवावं. पाजायचं ते वाटी-चमच्याने. बाटलीच्या बुचात जंतू बसतात, ते विसळून जात नाहीत.

सहा महिने झाले की मात्र उशीर नको. इथं उलटी चूक होते. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत बाळाला नुसतं वरणाचं पाणी पाजतात. अहो, पाण्यात डाळ किती? मऊ शिजवलेली मूगडाळ-तांदळाची खिचडी, नाचणीचं सत्व, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, वर तुपाची धार. चमचा वाकडा केला तरी ओघळणार नाही, इतकं घट्ट असावं. चालत असेल त्या घरी अंडंही द्यावं. आधी दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा. आईचं दूध चालूच राहील, दोन वर्षं आणि पुढेही.

लसीचं सांगतो. जन्मल्याबरोबर, मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस. सरकारी लसीकरणाला पैसे पडत नाहीत. सुई टोचल्यावर ताप आला, म्हणून पुढची तारीख चुकवू नका. आपल्या मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टॅक्टरवर भांडीकुंडी, कोयते, कोंबड्या चढतात, त्यातच दोन महिन्यांचं बाळही असतं. त्या बोचक्यात बाळाचं कार्ड असतं का? कार्ड जवळ असेल तर कारखान्याच्या गावीही राहिलेली लस मिळते. मुकादमाशी उचलीचा हिशोब बापच करतो ना? मग कार्डाची जबाबदारीही त्यानेच घ्यावी.

आता माझ्या खात्यातलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नसू. फवारून आलेला बाप तसाच बाळाला उचलतो, तेव्हा तेच औषध बाळाच्या अंगाला लागतं. आधी कपडे बदला, साबणाने अंघोळ करा, ते कपडे वेगळे धुवा, मग लेकरू घ्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला फवारणीला किंवा औषध कालवायला लावू नका. आठव्या-नवव्या महिन्यात बाळ रांगायला लागतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. कोनाड्यातली कीटकनाशकाची बाटली, खाटेखालचं थायमेट, बियाण्याला चोळून उरलेलं औषध, हे सगळं घराबाहेर कुलपात गेलं पाहिजे. रिकाम्या डब्याचा तांब्या करू नका. हा सल्ला शेजारची आजी देणार नाही, तो माझ्याकडूनच घ्या.

कुणी म्हणेल, आमच्या आज्यांनी आठ-आठ पोरं वाढवली, त्यांना काय अक्कल नव्हती? होती. बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे लाडू खाऊ घालणं, बाळाला उबदार गुंडाळून छातीशी धरणं, हलक्या हाताने तेल लावणं, या गोष्टी आजही डॉक्टर नाकारत नाहीत. पण त्याच आजीला हळूच विचारा, आठ झाली, जगली किती? उत्तर देताना तिचा आवाज बदलतो. नाळेला राख, बंद खोलीत शेगडीचा धूर, डोळ्यात काजळ, नाका-कानात तेल, हे सोडायला हवं. नाळ कोरडी आणि उघडी ठेवली की आपोआप गळते. आजीचं सगळं मोडीत काढा असं मी म्हणत नाही. बियाण्यासारखं निवडून घ्या.

आणि खरा सल्ला गावात पोहोचला तर काय होतं, हे याच महाराष्ट्रात दिसलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, ऊब द्यायला शिकवायच्या, आजारी बाळ ओळखून औषध, इंजेक्शन द्यायच्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथलं नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा येतात, ती पद्धत याच वाटेने आली आहे. पण आशाताई आली की बाप उठून बाहेर जातो. मीही गेलो असतो. त्या दिवशी फक्त पाऊस लागला होता म्हणून थांबलो आणि ऐकलं. ऐकूनही गप्प बसलो, हे त्याहून वाईट.

एवढं तरी प्रत्येक बापाने पाठ ठेवावं. बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास जोरात चालला, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, मलूल पडलं, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. १०८ किंवा १०२ ला फोन लावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब झाले तर घरी वाट बघू नका. मोठ्या बाळाला जुलाब झाले तर आईचं दूध चालू ठेवून जलसंजीवनी द्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायचं, अर्धं नाही. झिंकच्या गोळ्या डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तशा १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी.

वडीलधाऱ्यांना विरोध करणं अवघड असतं, हे मला माहीत आहे. भांडू नका. आशाताई येईल त्या दिवशी घरच्या सगळ्यांना, आईला, सासूला, शेजारच्या आजीला बोलवा आणि तुम्हीही मध्ये बसा. जे खटकतं ते तिच्यासमोर विचारा. त्याने आजीचाही मान राहतो आणि बाळाचंही भलं होतं. आमच्या दुसऱ्या खेपेला मी हेच केलं. सासूबाईंनी स्वतःच गुटीचा डबा माळ्यावर ठेवला, आणि शेजारच्या बाईला ठणकावलं, "आमच्या जावईबापूंनी सांगितलंय, पाणी द्यायचं नाही!"

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बायकांच्या रांगेत दोन-चार बाप उभे दिसले, तर हे लिहिल्याचं चीज झालं म्हणेन. पेरणीच्या तोंडावर वेळ नसतो, खरं आहे. पण बियाण्यासाठी आपण दोन-दोन दिवस रांगेत उभे राहतो. लेकरासाठी एक सकाळ काढा.