कायदा वाचता आला पाहिजे

‘परदेशी माणूस लाच घेत नाही, आपल्या रक्तातच खोट आहे,’ असे उद्गार आम्ही घरी, बाजारात नेहमी ऐकतो. वडीलधाऱ्यांविषयी पूर्ण आदर बाळगूनही हे मत आम्हांस मान्य नाही. सचोटी रक्तात असती, तर एकच समाज थोड्या वर्षांत बदलला नसता.

हाँगकाँगचेच उदाहरण घ्या. तेथे एके काळी इस्पितळातील रुग्णाला पेलाभर पाण्यासाठीही चिरीमिरी द्यावी लागे. १९७३ साली पीटर गॉडबर हा मोठा पोलीस अधिकारी चौकशी चालू असतानाच देशाबाहेर निसटला. लोक रस्त्यावर उतरले. १९७४ साली पोलिसांपासून स्वतंत्र असा लाचलुचपतविरोधी आयोग स्थापन झाला, आणि पुढे गॉडबरला परत आणून तुरुंगात धाडण्यात आले. माणसे तीच होती. कायदा मात्र मोठ्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचू लागला. स्वीडनने तर १७६६ सालीच सरकारी कागद पाहण्याचा हक्क प्रजेला दिला होता.

आपल्याकडे सचोटीची माणसे नव्हती काय? नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरविले. परंतु पद सोडून जावे लागले ते रामशास्त्र्यांनाच! एकटा न्यायाधीश कितीही ताठ असला, तरी सत्ताधीश कायद्याच्या वर असेल तर न्याय पांगळाच राहतो.

आता आपल्या आदिलाबादकडे पाहू. निजामी राजवटीत येथील गोंड शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होते. पण त्यांच्यापैकी अनेकांजवळ पट्टा नव्हता. दप्तर उर्दूत, आणि गोंडांना अक्षरओळख नाही. पट्टा बाहेरच्यांच्या नावे होई, आणि जंगल खात्याचे शिपाई धमकावून पैसे उकळीत. दाद लागेना, तेव्हा कुमराम भीम यांनी लढा उभारला आणि १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात ते व त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. (जोडेघाट २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.) त्यानंतर पाहणीसाठी आलेले मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी ही लूट नोंदवून ठेवली. जमिनीच्या पट्ट्यांबरोबर त्यांनी आग्रह धरला तो शाळांचा. मारलवाई येथे शिक्षक तयार झाले, आणि गोंडीची पाठ्यपुस्तके निघाली ती आपल्याच देवनागरी लिपीत. ज्याला कागद वाचता येतो त्याला लुबाडणे अवघड, हे त्यामागचे मर्म होते.

हे मर्म आम्हां मराठी मुलांनाही लागू आहे. आपल्या अनेक घरांत जमिनीचे कागद तेलुगूत आहेत आणि वडील मराठीच वाचतात. मग कागद वाचायला दलाल लागतो आणि दलालाबरोबर लाचेचा दर ठरतो. कार्यालयात मान खाली घालून उभे राहिलेले वडील आमच्यापैकी कित्येकांनी पाहिले आहेत. ती मान रक्तातील खोटीमुळे खाली जात नाही. समोरचा कागद वाचता येत नाही म्हणून जाते.

माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तरीही लाच थांबली नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण हा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करावयाचा असतो. आपल्यापैकी किती जणांनी तो केला आहे?

म्हणून आमचे म्हणणे असे की, मराठी आपली माय आहेच, तिच्यावर प्रेम करावे. पण तेलुगूचा तास परीक्षेपुरता मानू नये. घरातील एक तरी कागद यंदा आपण स्वतः वाचावा, वडिलांना त्याचा अर्थ मराठीत सांगावा, आणि भरलेल्या पैशांची पावती मागावी. कायद्याचे राज्य दिल्लीत वा हैदराबादेत लिहिले जाते खरे. पण ते नांदते की नाही, हे खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसावरही अवलंबून असते. उद्या त्या खिडकीपाशी आम्ही उभे राहणार आहोत, आणि आमच्यापैकी काही जण खिडकीच्या आतही बसणार आहेत. दोन्हीकडे मान ताठ राहावी, एवढीच इच्छा.