माग चालू, गल्ला रिकामा

सोलापूरच्या पूर्व भागातून दुपारी चालत गेले की घराघरातून यंत्रमागांचा खडखडाट कानी येतो. ज्याच्या घरातून हा आवाज येतो त्याचे बरे चालले असणार, असे जाणारा-येणारा धरून चालतो. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. मध्यंतरी आमच्या परिचयाच्या एका टॉवेल कारखानदाराच्या घरी बसण्याचा योग आला आणि कळले ते असे : आठही माग चालू आहेत, मालाला मागणी आहे आणि मुलीच्या कॉलेजची फी भरायला घरात पैसे नाहीत!

वडील गिरणीत होते. हे स्वतः पंधरा वर्षे दुसऱ्याच्या मागावर राबले, मग जुने माग विकत घेऊन मालक झाले. विणकामात त्यांचा हात धरणारा मिळणार नाही. पण मालक झाल्यावर विणणे हेच काम सर्वांत कमी उरते. कामगारांची उचल सांभाळा, विजेचे बिल भरा, गिऱ्हाईक शोधा आणि मग वसुलीला फिरा. सूत रोखीने आणायचे, मजुरी आठवड्याला द्यायची, टॉवेल मात्र उधारीवर जाणार. ही विद्या घरात कोणाला होती की यांना मिळावी?

आम्ही तिथेच कागदावर हिशेब मांडला. समजा, 1 लाखाचा माल गेला. त्याला खर्च आला 92 हजार, म्हणजे नफा 8 हजार. पैसे चार महिन्यांनी येणार. तोवर सुतासाठी 92 हजार शेकडा 2 रुपये व्याजाने उचलले, तर महिन्याला 1,840 आणि चार महिन्यांचे 7,360 रुपये. हाती राहिले 640! कागदाकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणूनच आणखी चार माग घ्यावेत म्हणतो."

इथेच आमचे त्यांच्याशी वाजले. बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील छोट्या शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. भांडवल, अवजारे आणि मजूर यांच्याशी त्याचा मेळ बसतो की नाही यावर ठरते, असा त्यातला युक्तिवाद आहे. मागांचेही तेच. भांडवल व्यापाऱ्याच्या दुकानात अडकलेले असताना चार माग वाढवले, तर उधारीच वाढेल.

कायदा या माणसाच्या बाजूने आहे, पण त्यांना तो कोणी सांगितलेला नव्हता. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 2023-24 या आर्थिक वर्षापासून तर मुदत चुकवणाऱ्या व्यापाऱ्याला ती रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मात्र आपली उद्यम नोंदणी हवी, आणि ती माल देण्याआधीची हवी. नोंदणीला पैसे पडत नाहीत.

"आणि पार्टी तुटली तर?" त्यांनी विचारले. ही भीती खोटी नाही. तगादा लावला की व्यापारी शेजारच्याकडे जातो, हे आम्हीही पाहिले आहे. सुविधा परिषदेकडे तक्रार करणे ही तर फार पुढची पायरी. पण बिलावर नोंदणी क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख लिहिल्याने कोणाशी भांडण होत नाही. यांची बिले पाहिली, तर अर्ध्यांवर तारीखच नव्हती.

चहा घेऊन आलेल्या वहिनी हे सगळे ऐकत होत्या. टॉवेलचे काठ त्याच शिवतात आणि बचत गटाची वहीही त्याच लिहितात. वर्षात एका रुपयाची चूक नाही. आम्ही म्हणालो, कारखान्याची वही यांच्याकडे द्या. साहेब थोडे गप्प झाले. घरखर्च आणि सुताचे पैसे एकाच खिशातून जात होते, ते आता कोणीतरी विचारणार होते ना!

तरी वही आली. वहिनींनी पहिल्या पानावर येणे रकमा लिहिल्या, दुसऱ्यावर मालकाचा महिन्याचा पगार. "मालकाला कसला पगार?" असे म्हणत ते हसले. आकडा किती धरायचा यावरून दोघांचे जुंपले, तेव्हा आम्ही चपला शोधू लागलो.